दूरच्या बाजाराचें विमान आणि आंब्याची पेटी

अमेरिकेंत आपल्या हापूस अगर केशर आंब्याच्या पेटीस काय दाम पडतो तें ऐकलें म्हणजे येथील बागाईतदारास आश्चर्य वाटतें, आणि हंगाम संपल्यावर हातीं आलेली पट्टी पाहिली म्हणजे दुसरें आश्चर्य वाटतें. मधला पैसा गेला कोठें, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि "दलालांनीं खाल्ला" असें उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात. दलाल कांहीं उपाशी राहत नाहीं हें खरें. परंतु या पैशांतील सर्वांत मोठा घांस बहुधा दलालाचा नसून विमानाचा असतो. तें किती खातें, कां खातें, आणि एका वर्षीं कमी व दुसऱ्या वर्षीं जास्त कां खातें, हें समजल्यावांचून परदेशीं माल पाठविण्याचा हिशेब मांडतां येत नाहीं. म्हणून लांब पल्ल्याच्या विमानमार्गाचें अर्थकारण शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. जर्मनींतील मेक्लेनबुर्ग प्रांतांत टेलो नांवाची मोठी शेतवाडी कसणाऱ्या योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन या जमीनदारानें आपल्या शेतीचा जमाखर्च वर्षानुवर्षें काटेकोरपणें ठेविला आणि त्याच्या आधारें १८२६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें असें दाखविलें कीं, धान्याची गाडी शहराच्या बाजारास नेतांना गाडीचे घोडे व गाडीवान वाटेंत जें खातात तें धान्याच्या किमतींतूनच वजा होतें. बाजार जसजसा दूर, तसतशी ही वजावट मोठी. आणि एका विशिष्ट अंतरावर जातायेतांचा दाणावैरणीचा खर्च सबंध गाडीभर धान्याइतका होतो. त्यापलीकडच्या शेतानें त्या बाजारासाठीं धान्य पिकवूं नये. वजनास हलकें व किमतीस भारी असें दुसरें कांहीं पिकवावें. बैलगाडी घेऊन तालुक्याच्या बाजारास जाणाऱ्या आपल्या आजोबांस हें ग्रंथ वाचून शिकावें लागलें नसतें, ही गोष्ट निराळी.

विमान हीही एक गाडीच आहे. फरक इतकाच कीं, बैलांस वाटेंत कोठें तरी चारापाणी मिळतें. न उतरतां जाणाऱ्या विमानास तें मिळत नाहीं. सबंध प्रवासाची वैरण निघतांनाच पोटांत भरून घ्यावी लागते. मग तें इंधन वाहून नेण्यासाठीं आणखी इंधन लागतें, आणि त्या आणखी इंधनासाठीं पुन्हां आणखी. ढोबळ मानानें असें धरतात कीं, जादा घेतलेल्या वजनाच्या शेंकडा तीन किंवा त्याहून कांहींसें अधिक इतकें इंधन दर तासास केवळ त्या वजनापायीं जळतें. दोन तासांच्या प्रवासांत हें ध्यानांतही येत नाहीं. पंधरा तासांच्या प्रवासांत मात्र एक टन जादा माल पैलतीरीं न्यावयाचा तर जवळजवळ अर्धा टन इंधन त्याच्यासाठीं म्हणून खर्ची पडतें. साडेतीन किलो आंब्याची पेटी पुठ्ठ्यासह चार किलो भरते असें धरलें, तर एका पेटीमागें दोन किलो, म्हणजे अडीच लिटर इंधन झालें. या अडीच लिटरांचा उल्लेख पुढें पुन्हां येणार आहे.

या नियमाची परीक्षा सिंगापूर एअरलाइन्स या कंपनीनें पदरचे पैसे खर्चून पाहिली. जून २००४ मध्यें तिनें सिंगापूरपासून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कपर्यंत, सुमारें १५,३०० किलोमीटरांचा, वाटेंत कोठेंही न उतरणारा मार्ग सुरू केला. विमान एअरबस ए-३४०-५०० जातीचें, इंजिनें चार, इंधनाची सोय दोन लाख लिटरांहून अधिक. आरंभीं त्यांत १८१ आसनें होतीं. २००८ सालीं तीं कमी करून वरच्या वर्गाचीं अवघीं १०० ठेविलीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत खनिज तेलाचें पिंप १४७ डॉलरांपर्यंत चढलें. पुढें भाव कोसळला, पुन्हां वर आला, आणि २०११ पासून शंभर डॉलरांच्या आसपास रेंगाळला. नोव्हेंबर २०१३ मध्यें कंपनीनें तो मार्ग बंद केला. ऑक्टोबर २०१८ मध्यें तो पुन्हां सुरू झाला तो उतारू वाढले म्हणून नव्हे, तर कमी वैरण खाणारा बैल मिळाला म्हणून. नवें विमान ए-३५०-९०० यूएलआर दोनच इंजिनांचें असून त्याची इंधनाची सोय १,६५,००० लिटरांची आहे.

आतां या सुधारलेल्या विमानाचाच ताळेबंद पाहूं. उड्डाणाच्या वेळीं त्याचें वजन जास्तींत जास्त २८० टन असूं शकतें. १,६५,००० लिटर इंधन म्हणजे सुमारें १३२ टन; निम्म्याच्या अगदीं जवळ. उरलेल्यांत विमानाचा सांगाडा, इंजिनें, आसनें, नोकरवर्ग, अन्नपाणी हीं सर्व वजा जातां विकावयास फारच थोडें वजन राहतें. म्हणून त्या विमानांत २०१८ सालीं १६१ आसनें ठेविलीं. त्यांपैकीं ६७ बिझनेस वर्गाचीं व ९४ प्रीमियम इकॉनॉमीचीं, साधा वर्ग मुळींच नाहीं. आणि पुढच्या बाजूचा मालाचा कप्पा तर वापरांतूनच काढून टाकलेला. बागाईतदारानें लक्षांत ठेवावयाची गोष्ट ती हीच. मार्ग लांबला कीं विमानकंपनी आधीं स्वस्त उतारूस गाळते आणि त्याच्याबरोबर मालास.

आपला मुंबई–न्यूयॉर्क मार्ग सुमारें १२,५०० किलोमीटरांचा. तो इतका अवघड नाहीं, पण सोपाही नाहीं. एअर इंडियानें ऑगस्ट २००७ मध्यें बोइंग ७७७-२०० एलआर विमान घेऊन हा प्रवास न थांबतां सुरू केला. या जातीचीं आठ विमानें तिनें मागविलीं होतीं. इंधनाच्या खर्चानें तीं जड झाल्यामुळें पांच विमानें पुढें एतिहाद कंपनीस विकून टाकावीं लागलीं. योगायोग असा कीं, त्याच २००७ च्या हंगामांत सुमारें अठरा वर्षांनीं अमेरिकेनें आपल्या आंब्यास दार उघडलें. अट अशी कीं, फळावर विकिरणाची प्रक्रिया झाली पाहिजे. त्यासाठीं लासलगांवचें केंद्र उपयोगीं आलें; तें २००२ सालीं मुख्यतः कांद्यास कोंब फुटूं नयेत म्हणून उभारलेलें होतें. कांद्यानें आंब्यास वाट करून द्यावी, ही मौजच म्हणावयाची.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंब्याच्या पेट्या घेऊन खास मालाचें विमान जातें, अशी अनेकांची समजूत आहे. कांहीं माल तसा जातोही. पण पुष्कळसा माल उतारूंच्या विमानाच्या पोटांत, त्यांच्या सामानाशेजारीं बसून जातो. या दोन रीतींच्या खर्चांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. उतारूंचें विमान जावयाचेंच असतें. वैमानिकाचा पगार, विमानाच्या कर्जाचें व्याज, उतरण्याचे कर, हें सारें उतारूनें दिलेलें असतें. त्याच्या पोटांतील रिकाम्या जागेंत आंब्याची पेटी बसली तर तिच्यापायीं कंपनीचा वाढीव खर्च तो वर सांगितलेला अडीच लिटर इंधनाचा आणि चढउतारीचा. त्यापुढें मिळेल तो नफा. म्हणून कंपनी घासाघीस करूं शकते. खास मालाच्या विमानांत मात्र उतारू नाहीं; वैमानिकापासून व्याजापर्यंत सर्व भार पेट्यांवर. शिवाय परतीचा माल न मिळाल्यास रिकाम्या गाडीचा खर्चही त्यांच्याच माथीं.

म्हणजे आपला आंबा स्वस्तांत जातो तो अमेरिकेंत मुलांना भेटावयास जाणाऱ्या आईबापांच्या आणि सुटींत घरीं येणाऱ्यांच्या तिकिटांवर. हें ऐकावयास विचित्र वाटलें तरी तेंच खरें. २०२० सालीं याची प्रचीति आली. २३ मार्च २०२० पासून आपल्या देशांतील नियमित आंतरराष्ट्रीय उतारूविमानें बंद झालीं, तीं २७ मार्च २०२२ रोजीं पूर्ववत् सुरू झालीं. जगांतील हवाई मालापैकीं सुमारें निम्मा माल ज्या पोटांतून जात होता तींच पोटें नाहींशीं झालीं, आणि उरलेल्या जागेचें भाडें कित्येक पट चढलें. त्या दोन हंगामांत अमेरिकेचे तपासनीस येऊं न शकल्यामुळें आपला आंबा तिकडे गेलाच नाहीं. पण तपासनीस आले असते तरी भाड्यानें किती बागाईतदारांचें दिवाळें काढलें असतें याचा विचार करावा.

आतां बागाईतदाराचा हिशेब. पुढील आकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्यक्ष दर त्या त्या हंगामीं विचारूनच घ्यावेत. समजा, एका पेटीचे तेथील घाऊक व्यापाऱ्याचें कमिशन वजा जातां १,५०० रुपये आले. विमानभाडें किलोस २०० रुपये, म्हणजे चार किलोंच्या पेटीस ८००. पेटी, प्रतवारी, विकिरण, मुंबईपर्यंतची वाहतूक व कागदपत्रें मिळून ३००. बागाईतदारास राहिले ४००. आतां भाडें चौथाईनें वाढलें व किलोस २५० झालें. पेटीस १,००० रुपये भाडें पडलें, आणि बागाईतदाराच्या हातीं राहिले २००. भाडें वाढलें चौथाईनें, उत्पन्न उतरलें निम्म्यानें. हा सारा मेळ यासाठीं कीं, भाडें हें आधीं कापून घेतलें जातें आणि बागाईतदाराचा वांटा हा शेवटीं उरलेला असतो. शेवटीं उरणाऱ्यावर सगळे हेलकावे येऊन आदळतात.

याच हिशेबांत थोडी बचतही दडलेली आहे. भाडें फळावर नसून पेटीच्या सबंध वजनावर असतें. अर्धा किलो पुठ्ठाही आंब्याच्याच भाड्यानें परदेशीं जातो. मजबुतीस धक्का न लावतां पेटीचें वजन २०० ग्रॅमनें कमी करतां आलें तर वरील दरानें ४० रुपये वांचतात, म्हणजे बागाईतदाराच्या ४०० रुपयांचा दहावा हिस्सा. दुसरें असें कीं, विमानकंपन्या वजन आणि आकारमान या दोहोंपैकीं जें जास्त भरेल त्यावर पैसे घेतात. ६,००० घनसेंटिमीटर जागा म्हणजे एक किलो असा सर्वसाधारण नियम आहे. ३६ सेंटिमीटर लांब, २८ रुंद व १२ उंच अशी पेटी या नियमानें दोनच किलो होते, आणि वजन चार किलो. म्हणून आंब्यास वजनाप्रमाणें पैसे पडतात. गुलाबाच्या फुलांचें याच्या उलट असतें. फुलें वजनास हलकीं पण जागा मोठी अडवितात, त्यांस आकारमानाप्रमाणें भरावें लागतें. फुलें पाठविणाऱ्यानें खोका बारीक करावा. आंबा पाठविणाऱ्यानें खोका हलका करावा. दोघांस एकच सल्ला देणाऱ्या माणसाचें ऐकूं नये.

भाड्याखेरीज जागेची अनिश्चितता ही दुसरी अडचण. विमान भरतांना उतारू व त्यांचें सामान पहिलें, टपाल त्यानंतर, आणि माल शेवटीं. पश्चिमेकडे जातांना समोरचा वारा जोराचा असेल तर इंधन जास्त घ्यावें लागतें. तेवढा माल मागें राहतो. आपला आंब्याचा हंगाम नेमका एप्रिल-मे महिन्यांचा. तापलेली हवा विरळ असते, ती पंखांस कमी उचलून धरते, आणि उड्डाणाचें वजन प्रसंगीं कमी करावें लागतें. विमानानें पेट्या टाकून दिल्या तर त्या दुसऱ्या दिवशीं जातील; पण आंबा दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीं, तो पिकत राहतो.

मार्ग स्वतःच लांबला तर काय होतें तेंही अलीकडे दिसलें. २०२२ सालीं रशियाचें आकाश युरोपीय कंपन्यांस बंद झाल्यावर फिनलंडच्या फिनएअरचा हेलसिंकी ते टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांचा होता तो तेरा तासांच्या घरांत गेला. त्या कंपनीनें आपला सबंध व्यवसायच जवळच्या वाटेवर उभारला होता. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानचें आकाश भारतीय विमानांस बंद झालें, तेव्हां ऐन आंब्याच्या दिवसांत दिल्लीहून उत्तर अमेरिकेस जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांस वळसा घालून, कित्येकदां व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथें इंधनासाठीं उतरून जावें लागलें. सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन हा मार्ग तिनें थांबविला. विमानांची टंचाई हें एक कारण आणि लांबलेली वाट हें दुसरें. दोन राज्यांच्या भांडणाचा हप्ता देवगडच्या बागेंतूनही भरला जातो, तो असा.

मग न थांबणारें विमान बरें कीं दुबई अगर दोहा येथें बदलून जाणारें? उतारूस वेळ वांचल्याचें सुख असतें आणि त्यासाठीं तो चार पैसे जास्त मोजतो. आंब्यास त्या सुखाची किंमत तितकी नाहीं. एका दिवसाच्या फरकानें त्याचा भाव वाढत नाहीं. आखाती कंपन्या दहा देशांचा माल एके ठिकाणीं गोळा करून विमानें भरतात, दोन टप्पे केल्यामुळें इंधनही बेतानें लागतें, म्हणून त्यांचें भाडें पुष्कळदां कमी पडतें. परंतु बदलाच्या ठिकाणीं पेट्या उघड्यावर किती वेळ राहतात, हें विचारल्यावांचून हें भाडें स्वस्त म्हणूं नये. मे महिन्यांत आखाती तळावर दोन तास उन्हांत राहिलेली पेटी वरून नीट दिसते आणि आंतून साका होऊन निघते. आमच्या मतें थंड गोदामांतून थंड गोदामांत माल जाईल अशी लेखी हमी मिळत असेल तर थांब्याचा मार्ग घ्यावा. न मिळाल्यास महाग पण सरळ मार्ग.

सर्वांत मोठी जोखीम मात्र पैलतीरीं असते. मे २०२५ मध्यें नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथील विमानतळांवर कागदपत्रांतील त्रुटीवरून नाकारल्या गेल्या. माल परत न्या अगर तेथेंच नष्ट करा, असे दोनच मार्ग ठेविले गेले, आणि निर्यातदारांनीं तो नष्ट करणें पत्करलें. फळांत दोष होता म्हणून नव्हे. परत आणण्याचें भाडें फळाच्या किमतीस परवडणारें नव्हतें. थ्यूनेनची गाडी बाजारापर्यंत पोंचली, पण परत येण्यापुरता दाणा तिच्यांत उरला नव्हता.

समुद्राचा मार्ग या सर्वांवर उतारा ठरूं शकेल काय? द्राक्षांनीं तो केव्हांच धरला आहे. नाशिककडील द्राक्षें शीतपेट्यांतून जहाजानें युरोपास जातात, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें जहाजांस आफ्रिकेस वळसा घालावा लागला तेव्हां वेळ व भाडें दोन्हीं वाढूनही तो व्यापार मोडला नाहीं. भगव्या डाळिंबाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. अमेरिकेस तें २०२३ सालीं चाचणीसाठीं विमानानें गेलें. गिऱ्हाईक आहे अशी खात्री पटल्यावर मार्च २०२५ मध्यें ४,६२० पेट्या, सुमारें १४ टन माल, जहाजानें पांच आठवड्यांत तेथें उतरला. जाड सालीचें फळ तें. त्यास हा प्रवास सोसतो. आंब्याचा असाच प्रयत्न २०२२ सालीं केशर जातीवर झाला व सुमारें पंचवीस दिवसांत माल पोंचला. हापूस मात्र नाजूक. त्याच्यासाठीं जहाजाची वाट अजून खुली झाली असें मानून कोणी कलमें लावूं नयेत.

तेव्हां ज्यांस यंदा विमानानें आंबा पाठविण्याचा आग्रह होत असेल त्यांनीं निर्यातदारास पहिला प्रश्न भावाचा विचारूं नये. विमानांतील जागा कोणत्या तारखांस, किती टनांची, लेखी राखून ठेविली आहे, आणि भाडें वाढल्यास तें कोणाच्या नांवें पडेल, हें विचारावें. तो म्हणेल कीं, माल तुमच्या जोखमीवर जाईल आणि विक्री होईल तसे पैसे मिळतील, तर वरील हिशेबांतला शेवटचा, सगळे हेलकावे सोसणारा माणूस तुम्ही आहां असें समजावें, आणि पिकाचा चौथा हिस्साच काय तो तसा द्यावा. बागेंत तोडणीच्या वेळींच ठरलेला भाव देणारा निर्यातदार मिळाला तर तो भाव तिकडील दामाच्या मानानें कितीही लहान दिसो, त्यांत विमानाची, वाऱ्याची व कागदांची जोखीम त्यानें विकत घेतलेली असते. अशा व्यवहारांत वजन कोठें व्हावयाचें, बागेंत कीं वाशीच्या केंद्रावर, हें मात्र आधींच ठरवून घ्यावें. कारण एप्रिलच्या उन्हांत रत्नागिरीहून वाशीस जाईपर्यंत फळाचें वजन घटतें, आणि ती घट कोणाच्या माथीं हा तंटा दर हंगामास उभा राहतो.